टीव्हीपर्यंतचे शेवटचे तीस फूट



या व्यासपीठावरून आजवर तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण, आरोग्य अशा मोठमोठ्या विषयांवर जाणत्या वक्त्यांनी विवेचन केले आहे. त्यांच्या मालिकेत ‘घरातल्या टीव्हीला इंटरनेट नीट कसे पोहोचवावे’ असा विषय घेऊन उभे राहताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. हा का व्याख्यानाचा विषय, असे कोणी मनात म्हटले तर त्याला आम्ही दोष देणार नाही. परंतु हा विषय आम्ही का निवडला त्याची हकीकत आधी सांगतो. मग आपणच काय ते ठरवा.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. सारी आळी त्यांना मास्तर म्हणते. तीस-पस्तीस वर्षे त्यांनी या व्याख्यानमालेचा एकही दिवस चुकवला नव्हता. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि जिना उतरणे बंद झाले. त्याच सुमारास व्याख्यानांचे थेट प्रक्षेपण इंटरनेटवरून होऊ लागले. मुलाने मोठ्या हौसेने भिंतीवर स्मार्ट टीव्ही लावून दिला आणि तो आपल्या नोकरीच्या गावी निघून गेला. पहिल्या दिवशी मास्तर वही-पेन्सिल घेऊन बसले. वक्त्याचे वाक्य रंगात आले, त्याचा हात वर गेला आणि वरच राहिला. पडद्यावर एक गोल चक्र फिरू लागले. मिनिटाभराने चित्र हलले, तेव्हा श्रोते टाळ्या वाजवीत होते. असे चार दिवस झाले. पाचव्या दिवशी आम्ही विचारले, “मास्तर, आज ऐकणार ना?” तेव्हा ते म्हणाले, “अहो, टाळ्या तेवढ्या ऐकू येतात. त्या कशासाठी हे तुम्हीच येऊन सांगत जा.” त्यानंतर त्यांनी टीव्ही लावणेच सोडून दिले.

आमच्या स्वतःच्या घरी याहून निराळी स्थिती नव्हती. फरक एवढाच, की आम्ही पैसे खर्च करून पाहिले होते. इंटरनेटची महिन्याची योजना आम्ही ५० मेगाबिटांवरून २०० वर नेली. सेवा देणाऱ्या कंपनीच्या माणसाला तीनदा बोलावून घेतले आणि तिन्ही वेळा त्याला चार शब्द सुनावले. चित्र अडखळायचे ते अडखळतच राहिले. अखेरीस दोष सापडला तो आमच्याच घरात, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या डोक्यावर. राउटर आम्हीच तेथे ठेवला होता, आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून घरातल्या मंडळींनी विणलेला रुमाल घातला होता.

म्हणून आज आम्हांला एकच गोष्ट सांगावयाची आहे. समुद्राखालून आणि डोंगरांवरून हजारो मैल धावत आलेले चित्र बहुधा आपल्या घरातल्या शेवटच्या तीस फुटांत अडखळते; आणि ते तीस फूट आपल्या हातातले आहेत.

रस्त्याचे तीन टप्पे

चित्राचा प्रवास तीन टप्प्यांत होतो. दूरच्या संगणकापासून आपल्या दारापर्यंत पहिला. दारातल्या पेटीपासून टीव्हीपर्यंत दुसरा. आणि टीव्हीच्या आतला तिसरा. रस्ता कितीही रुंद असो, एका अरुंद पुलाने सारी वाहतूक रोखून धरावी, तसे हे टप्पे आहेत. ज्या टप्प्यात खोळंबा आहे तो सोडून दुसऱ्याच टप्प्यावर खर्च केला तर उपयोग होत नाही. आम्ही जी मोठी योजना घेतली, ती असल्याच जातीची होती.

पहिल्या टप्प्याविषयी थोडे सांगू, कारण तो विलक्षण आहे. हल्ली शहरांतून घरोघर येणारी तार तांब्याची नसून काचेची असते. तिच्या आतला काचेचा धागा केसाएवढा बारीक असतो. त्यातून प्रकाश कडेवर आपटून पुन्हा आत परावर्तित होत पुढे जातो. काचेच्या तंतूंतून प्रतिमा नेता येते, हे मूळचे पंजाबातील नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली आपल्या इंग्लंडमधील गुरूंसमवेत दाखवून दिले. काचेतील अशुद्धता काढून टाकली तर हाच प्रकाश मैलोन् मैल संदेश वाहून नेईल, असे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली प्रतिपादन केले. त्या कार्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज असा एक धागा गल्लीत येतो आणि तेथे त्याच्या फांद्या फुटून बत्तीस किंवा चौसष्ट घरांना मिळतात. नेहमीच्या पद्धतीत या सर्व घरांना मिळून सेकंदाला सुमारे अडीच हजार मेगाबिटांचा ओघ वाटून घ्यावा लागतो. रात्री नऊ वाजता सारी गल्ली एकदम पडद्यापुढे बसली, तर थोडी चणचण भासू शकते ती यामुळे.

आता चित्राला लागते तरी किती? नेहमीच्या स्पष्ट, म्हणजे एचडी चित्राला सेकंदाला सुमारे पाच मेगाबिट पुरतात. ज्याला ‘फोर-के’ म्हणतात, त्या अतिस्पष्ट चित्राला पंधरा ते पंचवीस लागतात. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. मेगाबिट आणि मेगाबाइट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आठ बिटांचा एक बाइट होतो. शंभर मेगाबिटांच्या योजनेत सेकंदाला साडेबारा मेगाबाइट येतात, आणि तेवढे आले म्हणजे कंपनीने आपला शब्द पाळला. भारतात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी सेकंदाला निदान दोन मेगाबिट हवेत, असे सरकारने २०२३ साली ठरविले. त्यापूर्वी ही मर्यादा अर्ध्या मेगाबिटाची होती. घरोघर आज जी ५० किंवा १०० मेगाबिटांची योजना असते, ती एका टीव्हीच्या गरजेच्या कितीतरी पट आहे. म्हणजे हिशेबाने चित्र अडखळण्याचे कारण नाही. तरी ते अडखळते. का?

गच्चीवरची टाकी

याचे उत्तर आपल्या गच्चीवर आहे. नगरपालिकेचे पाणी दिवसातून थोडा वेळ येते, पण नळ दिवसभर वाहतो. कारण मध्ये टाकी आहे. टीव्ही हेच करतो. चित्रपटाचे आधीच काही काही सेकंदांचे तुकडे पाडून ठेवलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा स्पष्ट, मध्यम, धूसर अशा अनेक प्रतींत तयार असतो. टीव्ही पुढचे तुकडे आगाऊ मागवून आपल्या स्मृतीच्या टाकीत भरून ठेवतो. ओघ कमी झाला, की तो धूसर प्रत मागवू लागतो. चित्र मधूनच पुसट होते ते त्यामुळे. तेवढ्यानेही भागले नाही आणि टाकी रिकामी झाली, म्हणजे ते गोल चक्र फिरू लागते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. चित्रपटाची टाकी मोठी असते, कारण सारा चित्रपट तयारच आहे. हवा तेवढा आगाऊ मागवावा. थेट प्रक्षेपणाचे तसे नाही. वक्त्याने जे वाक्य अजून उच्चारलेच नाही, ते आगाऊ कोठून आणणार? तेथे टाकी जवळजवळ नसतेच. असते ती एखादी कळशी. म्हणून ज्या घरात मालिका आणि चित्रपट सुरळीत चालतात, त्याच घरात क्रिकेटचा सामना किंवा व्याख्यान थबकते. “बाकी सगळे दिसते, मग तुमच्याच व्याख्यानाला काय होते?” असे मास्तरांच्या सूनबाईंनी फोनवर विचारले होते. त्यांच्या प्रश्नात तथ्य होते. त्याचे उत्तर हे आहे.

दुसरी गोष्ट अशी, की थेट प्रक्षेपणाला मोठा ओघ लागत नाही, अखंड ओघ लागतो. दहा सेकंदांत पन्नास मेगाबिटांची सरासरी पडली, पण मधले चार सेकंद काहीच आले नाही, तर सरासरी उत्तम आणि व्याख्यान बंद, अशी गत होते. महाग योजना घेतल्याने सरासरी वाढते. मधले खंड तसेच राहतात. ते खंड बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे घरातल्या हवेत पडतात.

हवेतली वाट

आपल्यापैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत, त्यांना जुने दिवस आठवत असतील. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरील मनोऱ्यामुळे ते चित्र पुण्याच्या घरांतही उतरले. त्या वेळी एकजण गच्चीवर अँटेना फिरवी, दुसरा जिन्यात उभा राही आणि तिसरा संचासमोर. “दिसतंय का?” “मुंग्या आहेत अजून!” असा संवाद घरोघर चाले. रेडिओलहरींना दिशा असते, अडथळे असतात, हे त्या काळी शाळकरी पोराला अनुभवाने ठाऊक होते. आता अँटेना राउटरच्या पोटात गेला आणि आपण ते ज्ञान विसरलो. वायफाय म्हणजे काही गूढ वस्तू नव्हे. तो एक छोटासा रेडिओ आहे. पूर्वी मुंग्या दिसत, आता चक्र दिसते. मुंग्यांमधून निदान आवाज तरी ऐकू येई.

या रेडिओच्या बोलण्याची रीतही मोठी गमतीची आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी बेटाबेटांवरील संगणक रेडिओने जोडले. सर्वांना मिळून वाट एकच होती. त्यांनी नियम केला, की ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोघे एकदम बोलले आणि शब्द एकमेकांत मिसळले, तर दोघांनीही थोडा वेळ थांबावे, प्रत्येकाने आपल्या मनाने निरनिराळा, आणि मग पुन्हा बोलावे. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ यांनी तारेवरच्या जोडणीसाठी यात सुधारणा केली: बोलण्याआधी दुसरा कोणी बोलत नाही ना, हे ऐकून घ्यावे. वायफायचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले, तेव्हा ही शिस्त त्यात आली. आज आपल्या घरातला राउटर, टीव्ही, चार मोबाइल आणि मुलीचा संगणक हे सारे एकाच खोलीत बसलेल्या सभ्य माणसांसारखे वागतात. एक बोलत असता बाकीचे थांबतात. हे सभागृह पाहा. येथे एक वक्ता बोलतो म्हणून सर्वांना ऐकू येते. दहाजण बोलू लागले, तर प्रत्येकाचा घसा उत्तम असूनही कोणाचे काही कळणार नाही.

आणि वायफायच्या सभागृहाला भिंती नसतात. आपल्या मोबाइलवर वायफायची यादी उघडून पाहा. एखाद्या मोठ्या इमारतीत वीस-वीस नावे दिसतात. ती सारी शेजाऱ्यांची सभागृहे आपल्या सभागृहात मिसळलेली आहेत. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच: पहिली, सहावी आणि अकरावी. वीस घरांनी तीन वाटा वाटून घ्यायच्या, म्हणजे थांबणे आलेच. शिवाय ब्लूटूथची उपकरणे याच पट्ट्यात बोलतात, आणि स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीही जवळजवळ याच लहरींनी अन्न तापवते. तिच्यातून बाहेर झिरपणारा अंश माणसाला अपाय करण्याइतका नसतो, पण राउटरच्या कानाशी कोणी ढोल वाजवावा, तसा तो असतो. जेवण गरम करताना टीव्ही थांबतो, अशी तक्रार कोणी केली, तर तिला हसू नये.

दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. त्यात वाटा पुष्कळ आहेत आणि वेगही अधिक मिळतो. परंतु त्याच्या लहरी आखूड, म्हणजे पाच-सहा सेंटीमीटरांच्या. जुन्या पट्ट्याच्या सुमारे साडेबारा सेंटीमीटरांच्या. आखूड लहरी भिंतीत लवकर थकतात. एकाच खोलीत राउटर आणि टीव्ही असतील, तर हा पट्टा उत्तम; शेजाऱ्यांचा गलकाही त्याच भिंती अडवून धरतात. दोन-तीन भिंती मध्ये असतील, तर मात्र तो लंगडा पडतो.

भिंतींचीही जात पाहावी लागते. प्लायवुडच्या आडभिंतीतून लहर सहज जाते. विटांच्या भिंतीत काही अंशाने मुरते. जुन्या वाड्यांच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, आणि सळया घातलेले काँक्रीट, ही तिची खरी परीक्षा. धातू तर तिला परतच लावतो: लोखंडी कपाट, फ्रिज, मोठ्या आरशामागचा मुलामा, आणि टीव्हीची स्वतःची पाठ. राउटर टीव्हीच्या मागे दडवून ठेवला म्हणजे तो जवळ आला, असे वाटते. प्रत्यक्षात आपण त्याच्या तोंडावर पत्रा धरलेला असतो. पाणी लहर शोषते, म्हणून माशांची काचपेटीही आड येते.

तीन मोजमापे

एवढे कळल्यावर, दोष कोणत्या टप्प्यात आहे ते शोधणे सोपे आहे. वैद्याने औषधाआधी नाडी पाहावी, तशी तीन मोजमापे करावीत. इंटरनेटचा वेग मोजणारी साधने मोबाइलवर फुकट मिळतात, आणि अनेक टीव्हींवरही ती आत असतात.

पहिले मोजमाप राउटरपासून दोन-तीन फुटांवर उभे राहून मोबाइलवर करावे. मोबाइलची सिमकार्डावरची इंटरनेट जोडणी त्या वेळी बंद ठेवावी, आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर असावा. दुसरे मोजमाप त्याच मोबाइलवर, टीव्हीच्या अगदी शेजारी उभे राहून. तिसरे टीव्हीवरच. प्रत्येक मोजमाप तीनदा करावे आणि आकडा स्थिर राहतो की उड्या मारतो, हे टिपून ठेवावे. सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा, असे दोन वेळा केले म्हणजे चित्र पुरे होते.

आता निदान. राउटरपाशीच आकडा योजनेहून फार कमी येत असेल, तर दोष पहिल्या टप्प्यात आहे. तेव्हा कंपनीकडे तक्रार करावी, आणि तारीख, वेळ, आकडा लिहून करावी. ‘नेट चालत नाही’ या तक्रारीला उत्तर देणे सोपे असते. ‘मंगळवारी रात्री नऊ वाजता शंभराऐवजी चौदा आले’ या तक्रारीला तितके सोपे नसते. राउटरपाशी आकडा भरपूर आणि टीव्हीपाशी थोडा किंवा उड्या मारणारा असेल, तर दोष हवेत आहे. कंपनीच्या माणसाला बोल लावू नये. दोन्हीकडे आकडा चांगला, पण टीव्हीवर वाईट असेल, तर दोष टीव्हीत आहे. त्याचा आतला रेडिओ दुबळा असतो किंवा त्याची कार्यप्रणाली जुनी झालेली असते. अशा वेळी टीव्हीचा प्लग काढून मिनिटभराने पुन्हा लावावा, त्याची सुधारित आवृत्ती भरून घ्यावी. एवढ्याने भागले नाही, तर नवा टीव्ही घेण्याआधी मागच्या बाजूस लावायची छोटी कांडी मिळते, ती लावून पाहावी.

आमच्या घरी पहिला आकडा योजनेच्या जवळपास आला, दुसरा त्याच्या दशांशही नव्हता. तेव्हा ज्या माणसाला आम्ही तीनदा सुनावले होते, त्याला फोन करून आम्ही आपली चूक कबूल केली. तो म्हणाला, “काका, रोज दोन-तीन घरी हेच असतं.”

उपाय, स्वस्तापासून महागापर्यंत

पहिला उपाय फुकट आहे. राउटर कपाटावरून, फडताळातून, टीव्हीच्या मागून बाहेर काढावा आणि घराच्या मध्यभागी, छातीएवढ्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. त्यावरचा रुमाल काढावा. राउटर हा एक लहानसा संगणकच आहे. त्याला उष्णता सोसत नाही, आणि तापला की तो गळाठतो.

दुसरा उपायही फुकटच. टीव्ही राउटरच्या खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे असेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ गिगाहर्ट्झचे नाव निवडावे. पुष्कळ घरांत टीव्ही पहिल्या दिवशी जुन्या पट्ट्याशी जोडला जातो आणि वर्षानुवर्षे तेथेच राहतो. टीव्हीच्या पाठीला पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क कायम लावलेली असेल, तर ती काढून पाहावी. काही उपकरणे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर निर्माण करतात.

तिसरा उपाय थोड्या रुपयांचा आणि सर्वांत खात्रीचा: तार. राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ तार टाकावी. मेटकाफ यांनी आपल्या तारेच्या जोडणीला ‘ईथरनेट’ हे नाव दिले ते जुन्या भौतिकशास्त्रातील ईथरवरून, हा इतिहासातला एक विनोदच आहे. आज ईथरमधल्या बोलण्याला कंटाळून आपण ईथरनेटच्या तारेकडे वळतो. बाजारात तिला लॅन केबल म्हणतात. तिच्यात आठ बारीक तारा, चार जोड्यांनी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. पीळ देण्याची ही युक्ती टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल यांची, १८८१ सालची. बाहेरून येणारी खरखर पिळामुळे जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखीच पडते. पलीकडचे यंत्र दोहोंतला फरक तेवढा वाचते आणि खरखर आपोआप वजा होते. शेजाऱ्यांचा राउटर, मायक्रोवेव्ह, भिंती यांतले काहीही या तारेला बाधत नाही. शंभर मीटरांपर्यंत ती बिनधोक चालते. आपल्या घरात वीस-पंचवीस मीटर पुरतात.

केबल घेताना ‘कॅट सहा’ किंवा ‘कॅट पाच-ई’ अशा खुणेची, निखळ तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, ती टाळावी. दाराच्या चौकटीवरून, भिंतीच्या पायथ्याशी छोट्या क्लिपा मारून किंवा प्लास्टिकच्या पट्टीतून ती नेता येते. सतरंजीखालून नेऊ नये. पायाखाली चिरडते आणि म्हातारे माणूस अडखळते. टोक खोबणीत ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावे आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये वायर्ड जोडणी निवडावी. एक सूचना: पुष्कळ टीव्हींची तारेची खोबण शंभर मेगाबिटांचीच असते. तारेवर ९० ते ९५ चा आकडा आला आणि वायफायवर कधी दीडशे दिसला, म्हणून तार काढून टाकू नये. फोर-के चित्राला पंचवीस पुरतात, हे आपण पाहिलेच. स्थिर नव्वद हे उड्या मारणाऱ्या दीडशेहून केव्हाही बरे.

घर भाड्याचे असेल, भिंतीला खिळा चालत नसेल, तर कंपनीच्या माणसाला विनंती करून मूळची काचेची तार आणि पेटीच टीव्हीच्या खोलीत आणवावी. तीही तार काटकोनात मुडपू नये. वळण फार तीव्र झाले, की प्रकाश कडेतून बाहेर निसटतो.

चौथा उपाय महाग. एकाऐवजी दोन-तीन राउटर एकमेकांशी बोलून घर व्यापतात, त्या रचनेला ‘मेश’ म्हणतात. मोठ्या घरात ती चांगली. दोन पेट्यांमध्येही तार टाकली तर उत्तम. तिची स्वस्त बहीण म्हणजे रिपीटर. साधा रिपीटर एकाच तोंडाने ऐकतो आणि तेच पुन्हा सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. तो टीव्हीपाशी लावण्याची चूक आम्ही केली होती. जेथे ऐकूच येत नाही, तेथे बसून तो काय सांगणार? त्याची जागा अर्ध्या वाटेवर, चांगले ऐकू येते तेथे.

शेवटी विजेविषयी दोन शब्द. राउटर आणि फायबरची पेटी यांची वीज क्षणभर गेली, तरी ती पुन्हा उभी राहून जोडणी व्हायला दोन-चार मिनिटे जातात. इन्व्हर्टरवर टीव्ही चालू आणि राउटर बंद, असा प्रकार अनेक घरांत आहे. या दोन पेट्यांना वीज फार थोडी लागते. त्यांच्यासाठी मुठीत मावेल असा छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या खाली छापलेले व्होल्ट पाहून घ्यावेत. बहुतेक बारा व्होल्टचे असतात, पण सगळे नव्हेत.

मास्तरांचे घर

आमच्या घरचा प्रश्न सुटल्यावर आम्ही मास्तरांकडे गेलो. आळीतला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी बरोबर होता. राउटर बाहेरच्या सज्जाशी, जेथे तार घरात शिरते तेथेच होता. मध्ये स्वयंपाकघर, फ्रिज आणि दोन जाड भिंती. तिन्ही मोजमापे केली, दोष हवेत निघाला. अठरा मीटर केबल, दोन डझन क्लिपा आणि एक दुपार लागली. खर्च हजार रुपयांच्या आत झाला. मास्तर खुर्चीत बसून क्लिपा मोजून देत होते आणि एकेक गोष्ट विचारीत होते: तार पिळलेली का, टाकी केवढी, वेग मोजताना सरासरी का धरायची नाही. आज आपण जे ऐकले, त्यातील बराचसा भाग त्यांच्या त्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

अशी माणसे प्रत्येक आळीत आहेत. त्यांची मुले दूर गेली आहेत, पाय थकले आहेत आणि कान मात्र शाबूत आहेत. टीव्ही थांबला, की ती कोणाला सांगत नाहीत. आपल्यालाच ही नवी यंत्रे जमत नाहीत, असे समजून गप्प बसतात. आपल्यापैकी प्रत्येकाने अशा एका घरी जाऊन तीन मोजमापे केली, तर या मंडपाबाहेरचे पुष्कळ श्रोते आपल्याला परत मिळतील.

तार टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी व्याख्यान होते. त्यानंतरच्या सकाळी आम्ही दूध आणायला निघालो, तेव्हा मास्तरांनी खिडकीतून हाक मारून थांबविले. आम्हांला वाटले, पुन्हा चक्र फिरले. ते वही उघडून म्हणाले, “काल तुमच्या वक्त्याने दुसऱ्या मुद्द्यात एक सन चुकीचा सांगितला. कार्यवाहांना कळवा.”

आम्ही कळविले आहे.